विद्युतघटाचे जनक अलेस्सान्द्रो व्होल्टा

भिंतीवरचे घड्याळ, दूरचित्रवाणी संचाचा रिमोट किंवा लहान मुलांचे खेळणे उघडले की आत पेन्सिल सेल दिसतो. त्याच्या वेष्टनावर दीड व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. अशाच दोन सेलांवर आज एक नवे यंत्र चालते. तळहातावर मावेल एवढ्या पट्टीवर संवेदक, छोटा प्रक्रियक आणि बिनतारी प्रक्षेपक बसविलेला असतो. हवेचे तापमान, मातीतील ओलावा किंवा पुलाला बसणारे हादरे मोजून ही पट्टी दूरवर कळविते. विजेची तार न जोडता ती महिनोन् महिने, कित्येकदा काही वर्षे काम करते.

या साऱ्याच्या मुळाशी ज्यांचे संशोधन आहे, त्यांचे नाव त्या सेलावरील आकड्यातच दडलेले आहे. इटलीचे शास्त्रज्ञ अलेस्सान्द्रो व्होल्टा यांचे हे नाव होय. आकाशात कडाडणाऱ्या विजेचा अभ्यास त्यांच्या काळातील अनेकांनी केला. व्होल्टा यांचे वेगळेपण असे की, जाणवणारही नाही इतक्या अल्प विजेकडे त्यांनी आयुष्यभर लक्ष दिले.

कोमो येथील बालपण

व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी उत्तर इटलीतील कोमो या गावी झाला. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, सरोवराच्या काठी वसलेले हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याच्या सत्तेखाली होते. घराणे प्रतिष्ठित असले, तरी सांपत्तिक स्थिती बेताची होती. घरातील अनेकांनी धर्मसेवेचा मार्ग पत्करलेला होता. अलेस्सान्द्रो वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत नीट बोलत नसत आणि त्यामुळे ते मंदबुद्धीचे आहेत की काय अशी शंका घरच्यांना होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सातव्या वर्षाच्या सुमारास पितृछत्र हरपले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी काकांनी घेतली.

जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत त्यांची बुद्धिमत्ता दिसून आली. या मुलाने आपल्या पंथात यावे, असे शिक्षकांना वाटू लागले. त्याने वकील व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. व्होल्टा यांचे मन मात्र निसर्गविज्ञानाकडे ओढले गेले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. जुलियो चेझारे गातोनी या मित्राच्या घरी असलेली उपकरणे आणि पुस्तके हीच त्यांची पहिली प्रयोगशाळा ठरली. ऐन तारुण्यात त्यांनी पॅरिसचे नोले आणि तुरिनचे बेक्कारिया या त्या काळच्या नामवंत विद्युतशास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार सुरू केला. १७६९ मध्ये त्यांचा विजेवरील पहिला प्रबंध प्रसिद्ध झाला.

अल्प विजेचा मागोवा

१७७५ मध्ये व्होल्टा यांनी इलेक्ट्रोफोरस हे उपकरण पुढे आणले. राळेची चकती घासून भारित करायची, तिच्यावर दांडा लावलेली धातूची थाळी ठेवायची, थाळीला क्षणभर बोट लावायचे आणि ती उचलायची. एवढे केले की थाळी विजेने भारित होत असे. चकती पुन्हा न घासता ही कृती कितीतरी वेळा करता येई. अशाच स्वरूपाचे उपकरण स्वीडनचे विल्के यांनी १७६२ मध्ये केले होते. परंतु ते सुटसुटीत आणि सर्वांना वापरता येईल असे करण्याचे श्रेय व्होल्टा यांच्याकडे जाते.

पुढील वर्षी, म्हणजे १७७६ च्या नोव्हेंबर महिन्यात, माज्जोरे सरोवराच्या काठी दलदलीतून वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत गोळा केले. तो वायू पेटतो, हे त्यांनी दाखविले. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. विजेच्या ठिणगीने वायूचा स्फोट घडविणारे एक पिस्तूलही त्यांनी तयार केले. त्याच तत्त्वावर त्यांनी युडिओमीटर हे उपकरण सुधारले. बंद नळीत हवा आणि हायड्रोजन एकत्र करून ठिणगी पाडायची आणि आकारमान किती घटले ते पाहायचे. त्यावरून हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण कळत असे. हवेची प्रत आकड्यात सांगण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

१७७७ मध्ये त्यांच्या मनात आणखी एक कल्पना आली. कोमोपासून मिलानपर्यंत लाकडी खांबांवरून तार न्यावी आणि कोमो येथून विजेचा झटका देऊन मिलानमधील पिस्तूल उडवावे, असा बेत त्यांनी एका पत्रात मांडला. तो प्रत्यक्षात उतरला नाही. परंतु विजेच्या साह्याने दूरच्या गावी खूण पोहोचविण्याचा विचार तारायंत्राच्या कितीतरी आधी त्यांना सुचला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

लवकरच पाव्हिया विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले. तेथे ते सुमारे चार दशके राहिले. याच काळात त्यांनी कंडेन्सर हे उपकरण सिद्ध केले आणि त्याला ते नावही दिले. त्याविषयीचा त्यांचा निबंध १७८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. एरवी कोणत्याही उपकरणाला न कळणारी अत्यल्प वीज त्यात हळूहळू साठत जाई आणि मग मोजता येण्याजोगी होई. पुढे आलेल्या मोठ्या वादात हेच साधन त्यांच्या उपयोगी पडले.

बेडकाच्या पायावरून वाद

१७९१ मध्ये बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श झाला की स्नायू आकसतो, असे त्यांना आढळले होते. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते आणि धातू तिला केवळ वाट करून देतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. युरोपभर खळबळ उडाली.

व्होल्टा यांनी ते प्रयोग स्वतः करून पाहिले. आरंभी त्यांना गॅल्व्हानी यांचे म्हणणे पटले. मात्र एकाच धातूपेक्षा दोन भिन्न धातू वापरले असता आकुंचन अधिक जोरकस होते, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी जिभेवर दोन धातू ठेवून ते एकमेकांना टेकविले, तेव्हा त्यांना विशिष्ट चव जाणवली. तेव्हा वीज धातूंच्या संपर्कातून निर्माण होते आणि बेडकाचा पाय ही केवळ ती दाखविणारी अतिसंवेदनशील वस्तू आहे, असे मत त्यांनी मांडले. आजच्या भाषेत सांगायचे तर, बेडूक हा त्यांच्या दृष्टीने सेल नव्हता, तो संवेदक होता.

गॅल्व्हानी आणि त्यांचे भाचे जोव्हान्नी आल्दिनी यांनी धातू न वापरताही स्नायू आकसतो, हे दाखवून उत्तर दिले. वाद अनेक वर्षे चालला. आज मागे वळून पाहता दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता, असे दिसते. मज्जातंतू आणि हृदय यांत वीज असतेच. दोन भिन्न धातू आणि ओलावा यांतूनही ती मिळतेच. १७९८ मध्ये गॅल्व्हानी यांचे निधन झाले. फ्रेंचांच्या आश्रयाने स्थापन झालेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्याने त्यांना आपले अध्यापकाचे पद गमवावे लागले होते. प्रतिस्पर्ध्याचे अखेरचे उत्तर, म्हणजे विद्युतघट, पाहण्यास ते राहिले नाहीत.

युद्धाच्या छायेतील शोध

तो काळ उत्तर इटलीसाठी मोठ्या उलथापालथीचा होता. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या. १७९९ मध्ये ऑस्ट्रियाची सत्ता परतली आणि पाव्हिया विद्यापीठ बंद करण्यात आले. व्होल्टा यांचे अध्यापन थांबले. कोमोच्या परिसरात काढलेल्या त्या सक्तीच्या विश्रांतीच्या काळात, वयाची चोपन्न वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांच्या हातून आयुष्यातील सर्वांत मोठा शोध लागला.

रचना अगदी साधी होती. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची चकती आणि त्यावर मिठाच्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पुन्हा चांदी, जस्त आणि पुठ्ठा. अशी चवड रचत जायचे. एका जोडीची वीज क्षीण असे. परंतु जोड्यांची संख्या वाढेल तसा तिचा दाब वाढत जाई. वरच्या आणि खालच्या टोकाला एकाच वेळी ओले हात लावले की झटका बसे, आणि हात पुन्हा लावला की पुन्हा बसे. त्या वेळेपर्यंत वीज साठविण्याचे साधन म्हणजे लेडन बरणी होती. ती एका ठिणगीत रिकामी होत असे. व्होल्टा यांची चवड मात्र सतत वाहणारी वीज देत होती. टॉर्पेडो या विद्युत माशाच्या शरीरातील चवडीसारख्या अवयवाशी तिचे साम्य पाहून त्यांनी तिला कृत्रिम विद्युत अवयव असे म्हटले.

२० मार्च १८०० रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना फ्रेंच भाषेत पत्र लिहून ही रचना कळविली. युद्धामुळे टपाल बेभरवशाचे झाले होते, म्हणून पत्र दोन भागांत पाठविण्यात आले. त्याचे जाहीर वाचन जून महिन्यात झाले. त्यापूर्वीच, मे महिन्यात, विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी तशी चवड रचून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे विघटन करून दाखविले. काही वर्षांतच हम्फ्री डेव्ही यांनी मोठ्या घटमालेच्या साह्याने सोडियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. रसायनशास्त्राचे रूप पालटले.

सन्मान आणि अखेरचे दिवस

१८०१ च्या नोव्हेंबर महिन्यात व्होल्टा यांनी पॅरिसमध्ये आपल्या प्रयोगांचे प्रात्यक्षिक केले. त्या वेळी स्वतः नेपोलियन बोनापार्ट उपस्थित होते. व्होल्टा यांना सुवर्णपदक देण्यात आले. १८०९ मध्ये ते इटलीच्या राज्याचे सिनेटर झाले आणि पुढील वर्षी त्यांना काउंट हा किताब मिळाला. नेपोलियनचा पाडाव झाल्यानंतर ऑस्ट्रियाच्या सम्राटानेही त्यांचा मान राखला आणि पाव्हिया विद्यापीठात त्यांच्यावर मोठी जबाबदारी सोपविली. सत्ता बदलत गेल्या, तरी व्होल्टा यांचे काम चालू राहिले. याबाबतीत ते गॅल्व्हानी यांच्यापेक्षा सुदैवी ठरले.

वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १७९४ मध्ये, त्यांचा विवाह तेरेसा पेरेग्रिनी यांच्याशी झाला होता. त्यांना तीन पुत्र झाले. त्यांपैकी फ्लामिनिओ यांचा १८१४ मध्ये तरुण वयात मृत्यू झाला आणि हा आघात व्होल्टा यांना जिव्हारी लागला. १८१९ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली. ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथे त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी पॅरिसमध्ये गणितज्ञ लाप्लास यांचेही निधन झाले. व्होल्टा यांची समाधी कोमोजवळील काम्नागो या गावी असून, आता ते गाव काम्नागो व्होल्टा या नावाने ओळखले जाते.

१८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला व्होल्ट हे नाव दिले. १८९९ मध्ये कोमो येथे भरलेल्या प्रदर्शनाला आग लागली आणि तेथे ठेवलेली त्यांची अनेक मूळ उपकरणे नष्ट झाली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले संग्रहालय सरोवराच्या काठी १९२८ मध्ये सुरू झाले.

त्यांना न उलगडलेली गोष्ट

इतक्या मोठ्या शोधाच्या पोटी एक मोठी चूकही होती. वीज दोन धातूंच्या केवळ संपर्कातून निर्माण होते, अशी व्होल्टा यांची ठाम समजूत होती. मिठाचे पाणी ही त्यांच्या दृष्टीने नुसती वाट होती. त्यामुळे चवड आपोआप, अखंडपणे वीज देत राहील, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात चवड थोड्या वेळात मंदावत असे. पुठ्ठे वाळत, वरच्या चकत्यांच्या भाराने पाणी बाहेर झिरपे, धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे साचत आणि जस्त झिजत जाई.

ही झीज म्हणजे दोष नव्हता. झिजणारे जस्तच वीज पुरवीत होते. ऊर्जा फुकट मिळत नाही, ती रासायनिक क्रियेतून येते, ही गोष्ट डेव्ही आणि मायकेल फॅराडे यांच्या कार्यातून पुढे स्पष्ट होत गेली. १८३६ मध्ये जॉन डॅनियल यांनी बुडबुड्यांची अडचण दूर करणारा घट बनविला. १८६६ मध्ये फ्रान्सचे जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागर यांचा घट तयार केला. १८८० च्या दशकात जर्मनीचे कार्ल गास्नर यांनी त्यातील द्रवाला खळीसारखे घट्ट रूप देऊन कोरडा सेल बनविला. विसाव्या शतकाच्या मध्यास लुईस उरी यांनी अल्कलाइन सेल व्यवहारोपयोगी केला. दोन भिन्न पदार्थांची जोडी आणि मधला ओलावा ही व्होल्टा यांच्या चवडीतील मूळ रचना मात्र या सर्वांत कायम राहिली.

दोन पेन्सिल सेलांचा हिशेब

बिनतारी संवेदकांची पट्टी तयार करणाऱ्यांना व्होल्टा यांचे यश आणि त्यांची चूक या दोन्हींचा रोज विचार करावा लागतो. २००२ साली अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर बर्कले येथील संशोधकांनी अशा ३२ पट्ट्या बसविल्या. पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या बिळांतील हवामान पक्ष्यांना त्रास न देता मोजायचे होते. प्रत्येक पट्टी दोन पेन्सिल सेलांवर चालत होती. विणीच्या हंगामात सेल बदलण्यासाठी वारंवार तेथे जाणे म्हणजे ज्या पक्ष्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच उठविणे होते.

हिशेब करून पाहण्याजोगा आहे. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलाची क्षमता साधारण २,५०० मिलिअँपिअर-तास असते. प्रक्षेपक चालू असताना पट्टीला सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, असे धरू. तो सतत चालू ठेवला, तर सेल १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपतील. परंतु पट्टी दर मिनिटाला केवळ एक दशांश सेकंद जागी झाली आणि बाकी वेळ अगदी नाममात्र प्रवाहावर झोपून राहिली, तर सरासरी प्रवाह ०.०४ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. कागदावर हे आयुष्य सात वर्षांपर्यंत जाते. प्रत्यक्षात ते कमी भरते, कारण सेल न वापरताही हळूहळू क्षीण होतो आणि थंडीत त्यातील रासायनिक क्रिया मंदावते.

सेल दोन का, याचे उत्तर व्होल्टा यांच्या चवडीतच आहे. एकावर एक जोडले की दाब वाढतो. नव्या दोन सेलांपासून तीन व्होल्ट मिळतात. वापरागणिक प्रत्येक सेलाचा दाब उतरत जातो आणि ०.९ व्होल्टच्या आसपास तो संपल्यातच जमा असतो. म्हणजे १.८ व्होल्टपर्यंत चालणारी पट्टी दोन्ही सेलांतील बहुतेक सर्व ऊर्जा वापरू शकते. २.७ व्होल्टलाच बंद पडणारी पट्टी मात्र बराच साठा वाया घालविते. दाब वाढवून देणारे परिवर्तक वापरता येते. परंतु ते स्वतःही थोडी वीज खाते. नवा आणि जुना सेल एकत्र घातला, तर जुना आधी संपतो, त्यातून विरुद्ध दिशेने दाब पडतो आणि तो गळूही शकतो.

आणखी एक अडचण प्रक्षेपणाच्या क्षणी येते. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. संदेश पाठविताना प्रवाहाची मागणी एकदम वाढली की दाब कोसळतो आणि सेलात ऊर्जा शिल्लक असतानाही पट्टी बंद पडते. यावर उपाय म्हणून सेलाला समांतर एक कंडेन्सर जोडतात. सेल तो सावकाश भरत राहतो आणि गरजेच्या क्षणी कंडेन्सर एकदम वीज देतो. अल्प वीज साठवून ती कामाजोगी करायची, हाच व्होल्टा यांच्या १७८२ च्या निबंधाचा आशय होता.

हवेची प्रत मोजणे, दूरच्या गावी खूण पाठविणे आणि क्षीण वीज साठविणे ही कामे व्होल्टा यांनी आयुष्यात वेगवेगळी केली होती. आज ती एका लहानशा पट्टीवर एकत्र आली आहेत. त्यांना अखंड वाटलेली वीज प्रत्यक्षात मोजकी असते, हे मात्र नंतरच्या पिढ्यांनी शिकून घेतले. सेलातील जस्त संपते, तो बदलावा लागतो आणि जुन्या सेलाची नीट विल्हेवाट लावावी लागते. म्हणूनच पट्टीला अधिकाधिक वेळ झोपवून ठेवणे हे आज अभियंत्यांचे मोठे कौशल्य समजले जाते. पुढच्या वेळी घड्याळातला सेल बदलताना त्यावरील दीड व्होल्टच्या आकड्याकडे क्षणभर पाहावे. कोमोच्या सरोवराकाठी चांदी, जस्त आणि ओला पुठ्ठा यांची चवड रचणाऱ्या त्या संशोधकाचे ते स्मारकच आहे.